हलव्याच्या तोंडातली ऊ

जतला परत आल्यावर शेजारणींनी पहिल्यांदा समुद्राचंच विचारलं. केवढा होता, निळा होता का, पाय भिजवले का. मी म्हटलं, समुद्र होता तेवढाच होता, निळा मुळीच नव्हता, पण मी ऊ पाहिली. माशाच्या तोंडातली. दोघी हसल्या आणि तिसरी नाकाला पदर लावून उठून गेली. तुमच्यापैकी कुणाला उठून जायचं असेल तर आत्ताच जा, कारण पुढं सगळं तेच आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. परजीवींचा धडा म्हणजे माझा हातखंडा. गोचीड, जळू, पट्टकृमी यांच्या आकृत्या मी मुलांकडे बघत बघत फळ्यावर काढायची. समुद्री माशांच्या तोंडात आणि कल्ल्यांत राहणाऱ्या, खेकड्या-कोळंबीच्या कुळातल्या एका परजीवीबद्दल मी कधीतरी वाचलं होतं, आणि दरवर्षी मुलांना ते मोठ्या तोऱ्यात सांगायची. पण आमचा मुलूख कोरडा. मासा म्हणजे तलावातला, नाहीतर बर्फाच्या पेटीतून आलेला. जो प्राणी आपण जन्मात पाहिला नाही त्याच्याविषयी इतकं छातीठोक बोलत होतो, हे निवृत्त झाल्यावर मला खुपायला लागलं.

भाची शीतल लग्न होऊन बोईसरला गेली त्याला चार वर्षं झाली. 'आत्या, ये की एकदा,' असं ती दर सणाला म्हणायची आणि मी 'बघू' म्हणायची. या थंडीत एकदाची निघाले. निघताना फोनवर बजावलं की मी मासे खायला येतेय, दुसरं काही करू नकोस.

सरावली, बुधवार

सरावली म्हणजे बोईसरला चिकटलेली वस्ती. आसपासच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं इथं राहतात. शीतलच्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर मोहरीच्या तेलाचा वास, दुसऱ्यावर सांबाराचा, तिसऱ्यावर शीतल. जिन्यात सगळे हिंदी बोलतात, पण ज्याची त्याची हिंदी त्याच्या त्याच्या गावची. मला पहिल्या संध्याकाळीच 'आंटीजी' ही पदवी मिळाली.

ताटात भरलं वांगं आलं. वांगं खायला मी रात्रभर गाडीत बसून आले होते का?

"मासे का नाहीत गं?" मी विचारलं.

शीतलनं नवऱ्याकडे पाहिलं. निलेशराव, म्हणजे माझे भाचजावई, एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. स्वभावानं सालस, पण भारी काळजीवाले. दारात सॅनिटायझरची बाटली, भाजी गरम पाण्यातून काढल्याशिवाय घरात येत नाही. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

एक काळा, ताटलीसारखा गोल मासा. शीतल म्हणाली हा हलवा, पापलेटचा काळा भाऊ. मला हलवा म्हटलं की गाजराचाच ठाऊक. एका बोटानं माशाचं तोंड उघडलं जातं, आणि आत, जिथं जीभ असायला हवी तिथं, एक पांढुरका, खवल्याखवल्यांचा प्राणी बसलेला. दोन काळे डोळे थेट आपल्याकडं लावून, पाय हलवत. मागून निलेशरावांचा आवाज: "आपल्या टाकीजवळच्या मावशीकडचा मासा आहे हा. कंपन्यांच्या पाण्यानं माशांना किडे पडायला लागलेत. सगळ्यांनी सावध राहा."

"अगंबाई," मी म्हटलं, "परत लावा बघू."

चार वेळा लावायला लावला. निलेशरावांना वाटलं मी हादरले. ते खुलले. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर संध्याकाळपर्यंत बोईसरभर फिरला, त्यांच्या मावसभावानं त्यांनाच परत पाठवला, असं सांगू लागले.

"आणि तो कुठाय?" मी विचारलं.

"कोण?"

"किडा."

"फ्लश केला, आत्या. मासा पण फेकून दिला."

एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माझ्या भाचीच्या संडासातून वाहून गेला होता. वाईट वाटलं ते किड्यासाठी, हे कबूल करते. त्या मावशीचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

मग मी समजावून सांगितलं. कारखान्यांच्या पाण्याचं भांडण वेगळं आहे, ते असेल तर जरूर भांडावं, पण या प्राण्याचा त्याच्याशी संबंध नाही. कारखाने नव्हते तेव्हाही तो माशांत होता. तो माणसाला लागत नाही, पोटात जाऊन काही करत नाही. निलेशराव अदबीनं "असेल, आत्या" म्हणाले. या 'असेल'चा अर्थ मला वर्गातून चांगला ठाऊक आहे. दुसरं कुणी असतं तर मी बाकावर उभं केलं असतं, पण आमच्याकडं जावयाला पाट-पाणी देतात, शिक्षा देत नाहीत.

भांडी घासताना शीतल हळूच म्हणाली, "आत्या, कुंदामावशीकडं आता कुणीच जात नाही गं. मी पण त्या रस्त्यानं जायचं टाळते."

टाकीजवळ, शुक्रवार

गुरुवारी तिथं कुणी मासे घेत नाही, म्हणून कुंदामावशी येत नाहीत. शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन मी एकटीच गेले. पाण्याच्या टाकीला लागून भाजीवाल्यांची रांग, आणि टोकाला पन्नाशी ओलांडलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा घातलेली एक बाई. समोर टोपली. भाजीवाल्यांपुढं गर्दी, हिच्यापुढं चिटपाखरू नाही.

टोपलीत मासे ओळीनं नीट मांडले होते, पण एकालाही डोकं नव्हतं.

एक बाई थबकली. "मावशी, डोकं कुठाय?"

"काडला. साफ करून आणला, तुमाला तरास नको."

बाईनं माशाला बोट लावून पाहिलं, नाक मुरडलं आणि पुढं गेली. दुसरीनं तर बोटही लावलं नाही. "बिना मुंडी का कौन लेगा," असं सोबतिणीला म्हणाली.

मासा ताजा आहे की नाही हे लोक डोक्यावरूनच ठरवतात, एवढं मलाही कळतं. डोळा चमकतोय का बघायचं, कल्ल्याचं झाकण उचलून आत लाल आहे का बघायचं. डोकंच कापलं तर बघायचं काय? आमच्या जतचा खाटीक सोललेल्या बोकडाची शेपूट तेवढी ठेवतो, बोकडच आहे हे दिसावं म्हणून. तेवढ्या शेपटीवर गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. ती कापून ठेवली तर त्याच्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही.

मी न राहवून बोलले, "अहो, डोकी कापल्यावर लोकांना ताजं-शिळं कळणार कसं?"

"डोका ठेवला तर तोंड उगडून किडा शोधतात. कापला तर शिळा बोलतात," कुंदाताई म्हणाल्या. "तुमीच सांगा बाई, मी काय करू?"

मी फतकल मारून त्यांच्या शेजारी बसले. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळं बोलायला वेळ भरपूर होता. बावीस वर्षं त्या या कोपऱ्यात बसतायत. टाकी नंतर झाली, त्या आधीपासून आहेत. बुधवार, शुक्रवार, रविवार, समुद्रकाठच्या मुरबे गावाहून टोपली घेऊन.

"रविवारी शेवटचा बगते," त्या म्हणाल्या. "नाय खपला तर जागा सोडते. पोरगी बोलते, आये, सगळा मावरा व्यापाऱ्याला देऊन टाक, घरी बस. व्यापारी नेल, त्याचा काय नाय. पन मी घरी बसून काय करू? माजी सगळी मानसं इथं हायत."

मला त्यांची कणव आली आणि तरीही मी तो प्रश्न विचारलाच. "मला तो किडा बघायचाय."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमी पन मोबाईल आनला काय?"

मी माझा बटणांचा फोन काढून दाखवला. मग सांगितलं की मी मास्तरीण, दुष्काळी भागातली, आयुष्यभर याच्याबद्दल शिकवलं पण पाहिला नाही. कुंदाताईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग हसल्या, बहुतेक मला वेडी समजून.

"किडा काय बोलता, ऊ हाय ती. माशाची ऊ. उद्या मुरब्याला या. तीनच्या भरतीला आमची बोट लागंल. नशिबात असंल तर गावंल."

"येते."

"उतरल्या कुठं तुमी?"

"इथंच. भाचीकडं."

"कुठली भाची? मी सगळ्यांना वळखते."

"त्या पलीकडच्या बिल्डिंगीत," असं काहीतरी पुटपुटून मी पिशवी उचलली. मुलांना खोटं बोलल्याबद्दल पट्टी मारणारी बाई मी. घरी येईपर्यंत कान गरम होते.

मुरबे, शनिवार

रिक्षावाल्यानं मुरबे म्हटल्यावर आरशातून पाहिलं. "उधर बहुत बास आता है, आंटी." मी म्हटलं, त्याच वासाला जायचंय. पाम गाव मागं पडलं, नारळीच्या बागा आल्या, आणि मग खरंच वास आला. पहिला अर्धा तास नाक मिटून घ्यावंसं वाटतं. नंतर तो वास कुठं जातो कळत नाही.

गावाबाहेर बांबूचे मांडव आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते. आमच्याकडं मिरच्या सुकतात तसे, डोळे पोचतील तिथपर्यंत. ते दोरीवर राहतात कसे, हे मला दुरून कळेना. जवळ जाऊन पाहिलं तर दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून टाकलेली. ना गाठ, ना आकडा. त्यांचे दातच त्यांना धरून ठेवतात. मी एक जोडी सोडवून परत अडकवायला गेले, तर बोटाला रक्त निघालं आणि जोडी वाळूत पडली. कुंदाताईंनी ती उचलली, झटकली, न बघता एका हातानं अडकवली.

बोट लागली तेव्हा ओहोटी नव्हती तरी काठाला चिखल होता. सगळ्या बायका पुढं धावल्या, मीही धावले. माझी डावी चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. कुंदाताईंच्या मालकांनी, रघुनाथभाऊंनी, बोटीवरून वाकून चिखलात हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. आता ती खेकड्यांची." मग एका पायात चप्पल ठेवून काय करायचं, म्हणून मी दुसरीही काढली.

मासळी काठावर ओतल्यावर मला एक गोष्ट दिसली ती आधी कुणी सांगितली नव्हती. टोपलीत भरण्याआधी कुंदाताई एकेका हलव्याचं तोंड अंगठ्यानं उघडून आत नजर टाकत होत्या, कल्ल्याचं झाकण उचलत होत्या, मग ठेवत होत्या. इतक्या भराभर की मला वाटलं नुसतं थोपटतायत. बाजूच्या बायकाही तेच करत होत्या.

"सासूनं शिकवला," त्या म्हणाल्या. "तोंड बगितल्याबिगर टोपलीत नाय टाकायचा. ऊ असली तर आकड्यानं काडायची." आणि अंबाड्यातला आकडा दाखवला.

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी गाडी चुकत होती. तशीच टोपली उचलली." त्यांनी आणखी एक हलवा उघडून पाहिला. "माजी पन चूक हाय ती. एक दिवस नाय बगितला."

मीही तोंडं उघडायला बसले. एक, पाच, दहा. हलव्याच्या तोंडात काही नसतं तेव्हा ते फारच कंटाळवाणं असतं. पाठ धरली, हात ओशट झाले. रघुनाथभाऊ म्हणाले, "एवड्या माशांत एकाद गावते, बाई. पेपर तपासल्यासारखा करा." माझा धीर सुटत आला होता तेवढ्यात कुंदाताईंनी एक हलवा माझ्यापुढं धरला आणि त्याचं तोंड उघडलं.

ती होती. जिभेवर ठाण मांडून, डोकं बाहेरच्या बाजूला करून, घरमालकिणीनं दारात बसावं तशी. बोटाच्या पेराएवढी. आणि जिवंत. कुंदाताईंनी आकड्यानं अलगद सोडवून माझ्या तळव्यावर ठेवली, तर तिनं साती जोड्यांच्या नख्यांनी माझं बोट घट्ट धरलं. मला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही, चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

मग माझ्यातली मास्तरीण सुटली. उलटी करून पोटाखालची पिशवी दाखवली, आत खसखशीसारखी पिल्लं वळवळत होती. सांगितलं, ही आई. पिल्लं मोठी झाली की पिशवीतून निघून पोहत जातील, आणि ज्याला मासा सापडेल ते वाचेल. कल्ल्यात हात घाला, तिथं नवरा असेल. रघुनाथभाऊंनी झाकण उचललं, तर खरंच एक चिमुकला तिथं चिकटलेला. मी म्हटलं, हिची गंमत अशी की ही पण आधी नरच होती. मोठी झाली, तोंडात जागा मिळाली, की मादी झाली.

"आदी बाप्या, मग बायको?" रघुनाथभाऊंनी खात्री करून घेतली. मी हो म्हटलं. ते बोटीवरच्या गड्यांना ओरडून सांगायला गेले, आणि तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

"ही कोळंबीच्या नात्यातली आहे," मी कुंदाताईंना म्हटलं. "कोळंबी चवीनं खातात आणि हिला भितात."

"ते तुमचा शिक्षान," त्या म्हणाल्या. "आता माजा ऐका. मासा मेल्यावर ही जास्त टिकत नाय. बरफात तर मरतेच, नाय तर सोडून जाते. शिळ्या माशात जिती ऊ कदी गावायची नाय. जिती दिसली का समजायचा, मासा आताचा."

हे मी कुठं वाचलं नव्हतं. "अहो कुंदाताई, मग तुम्ही डोकी कापून टाकलीत? तुमच्या बाजूचा साक्षीदारच कापलात की."

हातातला हलवा त्यांनी टोपलीत ठेवताना डोकं वर करून ठेवला.

मग जेवण. तांदळाची भाकरी, आणि ऊ निघाली त्याच हलव्याचं कालवण, मी हट्ट केला म्हणून. आमच्याकडं रस्सा लालभडक आणि तेलाचा तवंग असलेला. हे कालवण पातळ, चिंचेचं, आणि इतकं गोडसर ताजं की मी दोन भाकऱ्या कधी संपवल्या कळलं नाही. तिसरी वाढताना कुंदाताई म्हणाल्या, "पोट भरून खावा. आमच्याकडं पावना उपाशी गेलेला चालत नाय." आणि मग मात्र माझा हात थांबला.

"कुंदाताई, तो व्हिडिओ माझ्या भाचजावयांनी काढला. मी शीतलची आत्या."

रघुनाथभाऊ उठून बाहेर गेले. कुंदाताईंनी भाकरी माझ्या ताटात ठेवली.

"जेवा आदी," त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडं न बघता, "शीतल. नवीन लग्न होऊन आली तेवा तिला मासा साफ करता येत नव्हता. माज्या बाजूला बसून शिकली. कोयती मी दिली तिला." आता त्यांचा आवाज चढला. "मला येऊन सांगायचा ना, मावशी, तोंडात ऊ निगाली. मी दुसरा मासा दिला असता. माफी मागितली असती. तोंड नाय काय तिला? मोबाईलला सांगितला, मला नाय सांगितला."

मी भाकरी संपवली, कारण न संपवणं जास्त वाईट दिसलं असतं. निघताना त्यांनी ऊ समुद्राच्या पाण्यात घालून एका स्टीलच्या डब्यात दिली, आणि त्यांच्या सुनेच्या जुन्या चपला दिल्या.

"उद्या तुमी या टाकीवर," त्या म्हणाल्या. "मी डोक्यासकट आनते. मग काय व्हायचा ते होऊ दे."

सरावली, रविवार

शनिवारी संध्याकाळी डबा उघडून मी निलेशरावांपुढं ठेवला. ते खुर्चीसकट मागं सरकले. मी धडा दिला नाही. मुरब्यात काय पाहिलं तेवढं सांगितलं, आकडा, टोपली, कोयती. कुंदाताईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शीतल रडायला लागली. "मीच म्हटलं होतं यांना, मावशीला सांगून येते म्हणून," ती म्हणाली. "मग लोकांचे मेसेज यायला लागले, सगळे यांना शाबास म्हणायला लागले, आणि मी गप्प बसले." निलेशराव एवढंच म्हणाले, "आता ग्रुपवर काय सांगणार, आत्या? लोक हसतील." आणि पाळीला निघून गेले.

सकाळी ऊ मेलेली होती. बिचारीला मी दारातल्या सॅनिटायझरच्या बाटलीत घातलं, स्पिरिट मिळेना म्हणून. ती अजून त्यातच आहे, माझ्या कपाटात.

आठ वाजता टाकीपाशी गेले. कुंदाताई आधीच बसल्या होत्या. पहाटेच्या भरतीची मासळी, डोक्यांसकट, कल्ले लाल. पुढं एका वाडग्यात खारं पाणी आणि त्यात पहाटे सापडलेली दुसरी ऊ, जिवंत, काठ धरून फिरणारी. लोक जमले. रविवार होता, पिशव्या घेऊन सगळे बाहेर होते. मी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात सुरू झाले. कुळ, कवच, सात जोड्या पाय, माणसाला अपाय नाही. मुलांना फार आवडलं. एक बाई म्हणाली, "इतकी चांगली आहे तर तुम्हीच खा, बाई." सगळे हसले. एकानंही मासा घेतला नाही. एकतीस वर्षांत माझा इतका चांगला तास इतका वाया गेला नव्हता.

कुंदाताईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी वाडग्यावर झाकण ठेवायला हात पुढं केला, आणि मला कळलं की त्यांनी मनातून जागा सोडली.

तेवढ्यात शीतल आली. आणि तिच्यामागं, पाळीवरून परतलेले, कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर असलेले निलेशराव. हातात पिशवी. गर्दी थोडी सरकली.

"मावशी," ते म्हणाले, आणि ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ ऐकला होता त्या सगळ्यांनी तो आवाज ओळखला. माना वळल्या. "मावशी, एक हलवा द्या. डोक्यासकट."

कुंदाताईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग शीतलकडं. एक मोठा हलवा उचलला. कल्ल्याचं झाकण उचलून लाल दाखवलं, मग अंगठ्यानं तोंड उघडून त्यांच्या नाकासमोर धरलं. निलेशरावांनी वाकून आत पाहिलं. खरोखर पाहिलं, नीट, शाळेतल्या मुलासारखं.

"काय नाय ना?" कुंदाताई म्हणाल्या.

"नाही."

"मोबाईल आनलास?"

निलेशरावांचा चेहरा उतरला. "आणलाय."

"मग काड. त्या दिवशी तुजा आवाज होता आनि माजा मासा. आज माजा तोंड येऊ दे."

आणि त्यांनी पदर सारखा केला, हलवा आपल्या चेहऱ्याशेजारी धरला आणि मोबाईलकडं सरळ बघून बोलल्या: "मी कुंदा, मुरब्याची. बावीस वर्षं इथं बसते. त्या माशात ऊ होती, ती माजी चूक, मी तोंड बगितला नाय. पन ती ऊ जिती होती. जिती ऊ ताज्या माशातच असते. ज्याला शंका आसंल त्यानं इथं यावा, माज्या समोर तोंड उगडून बगावा." एवढंच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पहिल्या मजल्यावरच्या मोहरीच्या तेलवाल्या भाभी पुढं आल्या, वाडग्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अरे, ऐसा कीड़ा तो हमारे पोखर की रोहू में भी लगता है। मेरे बाबूजी नाखून से निकाल देते थे।" आणि दोन हलवे मागितले. माझ्या भाषणानं जे झालं नाही ते त्यांच्या तळ्यातल्या रोहूनं आणि बाबूजींच्या नखानं झालं. मग आणखी एक बाई, मग एक म्हातारे गृहस्थ. सगळी टोपली खपली नाही. पण उरलेले मासे घेऊन उठताना कुंदाताई शेजारच्या भाजीवाल्याला म्हणाल्या, "बुदवारी माजी जागा दाबू नको."

शीतल मासे साफ करायला त्यांच्याच बाजूला बसली होती. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला नाही.

जत

परवा शीतलचा फोन आला. लोक आता कुंदामावशीला विचारतात, ऊवाला मासा आहे का, तोच द्या. मावशी चिडतात म्हणे. एवढ्या उवा आणायच्या कुठून, आत्याला विचार.

सोबत एक पार्सलही आलं. मुरब्याचे सुके बोंबील, डोक्यांसकट, दोन दोन जोडीनं तोंडात तोंड अडकवलेले. एसटीनं आले तरी एकही जोडी सुटली नव्हती. वर शीतलच्या अक्षरात चिठ्ठी: 'मावशींनी सांगितलंय, तोंड बघून घ्या.'

शेजारीण म्हणाली, सुकलेल्या बोंबलाच्या तोंडात काय असणार? काहीच नसतं, मला ठाऊक आहे. तरी मी ओसरीवर बसून एकेक जोडी सोडवली आणि प्रत्येकाचं तोंड उघडून आत पाहिलं, मगच डब्यात भरले.